वाचकांचे प्रश्न : दरडोई दहा ग्रॅम शिशुआहार म्हणजे नेमके किती?

लहान मुलांच्या आहाराच्या राष्ट्रीय आकडेवारीविषयी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही पत्रांतील शंकांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : मी अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी मी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अन्न ताळेबंदातील ‘शिशुआहार’ ही ओळ निवडली असून १९६१ पासूनचे निरनिराळ्या देशांचे आकडे एकत्र केले आहेत. दरडोई, दरवर्षी, किलोग्रॅममध्ये दिलेले हे आकडे अतिशय लहान आहेत. अनेक देशांपुढे कित्येक वर्षे शून्यच दिसते, आणि २०१० ते २०१३ या वर्षांसाठी तर एकाच देशाचे दोन आकडे मिळतात. आकडा वाढला म्हणजे त्या देशातील बाळांना पूर्वीपेक्षा चांगले खायला मिळू लागले, असा निष्कर्ष मी काढू शकते का?
— एक विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे

उत्तर : केवळ या ओळीवरून तसा निष्कर्ष काढता येणार नाही. या ओळीतून बाळांच्या आहाराची नव्हे, तर कारखान्यात तयार होऊन विक्रीला येणाऱ्या एका मालाची कल्पना येते, आणि तीही बरीच ढोबळ.

ताळेबंदाचे गणित असे असते. देशातील उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातील चढउतार जमेस धरायचा, आणि जनावरांचे खाद्य, बियाणे, औद्योगिक वापर व नासाडी काढून टाकल्यावर जे उरेल त्याला माणसांसाठीचा ‘पुरवठा’ म्हणायचे. तो कोणाच्या घरात गेला, कोणी खाल्ला, किती वाया गेला, हे या हिशेबात येत नाही. नंतर या पुरवठ्याला देशाच्या संपूर्ण लोकसंख्येने भागतात. तांदूळ किंवा गहू या बाबतीत हा भागाकार समजण्यासारखा आहे, कारण ते धान्य बहुतेक सगळेच खातात. परंतु शिशुआहार खाणारे केवळ दोन वर्षांच्या आतले असताना भागाकार मात्र आजोबा-आजींसह सर्वांमध्ये केला जातो.

एक काल्पनिक देश घेऊ. लोकसंख्या १०० कोटी, त्यात दोन वर्षांखालील मुले ४ कोटी, आणि वर्षाला १०,००० टन शिशुआहाराचा पुरवठा. दरडोई आकडा येतो ०.०१ किलोग्रॅम, म्हणजे दहा ग्रॅम. तोच पुरवठा केवळ त्या ४ कोटी मुलांमध्ये वाटला तर प्रत्येकी २५० ग्रॅम होतो. हेही वर्षभरासाठी नगण्यच आहे. परंतु प्रत्यक्षात तो सर्व मुलांमध्ये वाटला जात नाही. त्यांपैकी वीसात एकाच बाळाच्या घरी डबा येत असेल, तर त्या बाळाच्या वाट्याला पाच किलो येतात. दहा ग्रॅम, पाव किलो आणि पाच किलो हे तिन्ही आकडे एकाच पुरवठ्याचे आहेत. आपल्याला दिसणारी शून्ये पुष्कळदा याच भागाकारातून येतात. आमच्या उदाहरणातील देशाचा पुरवठा निम्म्याहून कमी असता, तर दोन दशांश स्थळांपर्यंतच्या तक्त्यात तो उमटलाच नसता. म्हणून प्रकल्पात दरडोई स्तंभ न घेता एकूण टनांचा स्तंभ घ्यावा, आणि भाजक म्हणून त्या त्या वर्षीची दोन वर्षांखालील मुलांची संख्या वापरावी, असे आम्ही सुचवतो.

भाजकाचा हा मुद्दा भारताच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७१ मध्ये आपल्याकडे दर हजार लोकसंख्येमागे ३६.९ जन्म होत असत, तर २०२० मध्ये हे प्रमाण १९.५ वर आले. जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा एकूण लोकसंख्येतील वाटा २००१ मध्ये सुमारे १५.९ टक्के होता. २०११ मध्ये तो सुमारे १३.६ टक्के झाला. लोकसंख्येत तान्ह्या बाळांचे प्रमाण असे जवळजवळ निम्म्यावर येत असताना दरडोई आकडा पन्नास वर्षे जागच्या जागी राहिला असता, तरी दर बाळामागे पुरवठा सुमारे दुप्पट झाला असा त्याचा अर्थ झाला असता. अर्भक मृत्यूदर याच काळात दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ वरून २८ पर्यंत उतरला, म्हणजे जन्मलेल्यांपैकी जगणारी आणि पुढे वरचे अन्न खाणारी मुले वाढली. त्यामुळे भाजक म्हणून नुसते जन्म घेतले तरी जुन्या वर्षांचा हिशेब थोडा चुकतोच.

आता २०१० ते २०१३ च्या दुहेरी आकड्यांविषयी. जुन्या पद्धतीने केलेली मालिका १९६१ ते २०१३ अशी आहे, आणि नवी मालिका २०१० पासून सुरू होते. साठ्याचा अंदाज कसा बांधायचा, न जुळणारी तफावत कोठे टाकायची, लोकसंख्येचे कोणते सुधारित आकडे घ्यायचे, या गोष्टी नव्या पद्धतीत बदलल्या. दोन्ही मालिका एकमेकींना जोडून सलग रेषा काढली, तर सांध्यावर दिसणारी उडी बाळांच्या आहारातली नसून हिशेबाच्या रीतीतली असेल. ठाणेकरांना असा सांधा परिचयाचा आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतरचा ठाण्याचा लहान आकडा पाहून जिल्ह्यातून लोक निघून गेले असे कोणी म्हणत नाही, कारण येथे सीमा बदलल्याचे सर्वांना ठाऊक आहे. शिशुआहाराच्या ओळीत सीमा बदलल्याचे केवळ तळटीप वाचणाऱ्यालाच कळते. आपल्याला दोन आकडे सापडले आणि त्यांतला सोयीचा न निवडता आपण विचारणा केली, हे चांगले केले. आलेखात दोन रेषा वेगळ्या ठेवाव्यात आणि चार समाईक वर्षांतील फरक स्वतंत्रपणे दाखवावा.

वार्षिक आकड्याची आणखी एक मर्यादा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातला शिशुदुग्धाचा एक मोठा कारखाना दूषिततेच्या संशयावरून बंद झाला. मोजक्या कारखान्यांवर अवलंबून असलेल्या त्या देशात काही महिने दुकानांची फडताळे रिकामी पडली, आणि सरकारला परदेशांतून विमानाने माल आणावा लागला. असे तुटवड्याचे महिने वर्षाच्या बेरजेत विरघळून जातात.

तुलनेसाठी आपल्याकडील कुटुंब उपभोग खर्चाची पाहणी अवश्य पाहावी. तिच्यात ‘बेबी फूड’ ही बाब दूध व दुग्धजन्य पदार्थांच्या गटात विचारली जाते, तर आंतरराष्ट्रीय ताळेबंदात शिशुआहार ‘संकीर्ण’ गटात आहे. तेव्हा गटांच्या बेरजा परस्परांशी ताडून पाहू नयेत. पाहणीतले आकडे घराघरांत विचारून मिळवलेले असल्यामुळे ते खाण्याच्या अधिक जवळ जातात. मात्र २०११-१२ नंतर प्रसिद्ध झालेली पुढची पाहणी थेट २०२२-२३ ची आहे, आणि तान्हे बाळ असलेली व त्यासाठी डबा विकत आणणारी कुटुंबे नमुन्यात थोडीच येत असल्याने, जिल्हा पातळीवर हा आकडा वापरणे आम्हाला धाडसाचे वाटते.

प्रश्न : माझी मुले १९६० च्या दशकात जन्मली. त्या वेळी बाळाच्या दुधाचा डबा मिळणे ही मोठी खटपट असे. औषधाच्या दुकानदाराशी ओळख असेल तरच तो मागच्या फडताळातून डबा काढून देई. आता माझ्या पणतीसाठी आणलेल्या डब्यावर मात्र आईचेच दूध सर्वोत्तम असल्याची सूचना ठळक छापलेली आहे. तेव्हा सरकार डबे वाढवू पाहत होते आणि आता कमी करू पाहते, असे काही आहे का?
— एक ज्येष्ठ वाचिका, वाशी

उत्तर : आपले निरीक्षण बरेचसे बरोबर आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत हा प्रश्न तुटवड्याचा मानला जात असे. दुधाची भुकटी आयात करायची तर परकीय चलन लागे, आणि देशात ती बनवायची तर त्या काळी जगातील सगळे तंत्र गाईच्या दुधावर बेतलेले होते. आपल्याकडे मुबलक होते ते म्हशीचे दूध. त्यातील स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बराच जास्त असतो, त्याचे दही पोटात घट्ट बसते, आणि तान्ह्या बाळाला ते तसेच्या तसे पचत नाही. म्हशीच्या दुधाची फवारा पद्धतीने भुकटीच करता येणार नाही, असेही पाश्चात्त्य तज्ज्ञ म्हणत. आणंदच्या सहकारी संघाने १९५५ मध्ये उभारलेल्या कारखान्यात ती भुकटी करून दाखवली. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळाला पचेल असा आहार तयार करण्याची रीत बसवली, आणि तिच्या आधारे आणंदला उत्पादन सुरू झाले. त्यानंतर १९७० मध्ये दुग्धमहापूर योजना आली. १९५०-५१ मध्ये १ कोटी ७० लाख टन असलेले देशाचे दूध उत्पादन २०२२-२३ मध्ये २३ कोटी टनांच्या पुढे गेले. यात मुख्य वाटा अर्थातच घराघरांतल्या चहाच्या आणि पिण्याच्या दुधाचा आहे. पण कच्च्या मालाची अडचण संपली म्हणून डब्यांचीही संपली, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

तुटवडा ओसरत होता त्याच सुमारास जगभर उलट बाजूची काळजी सुरू झाली. स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळण्याइतके इंधन नाही, आणि डबा महाग म्हणून भुकटी पातळ करून पाजली जाते, अशा घरांत जाहिरातीच्या जोरावर डबे पोहोचत होते. जुलाब आणि कुपोषण यांचे त्याच्याशी असलेले नाते डॉक्टरांनी वारंवार दाखवले. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाला पर्यायी पदार्थांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता ११८ विरुद्ध १ मताने मंजूर केली. विरोधातले एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता स्वीकारली, १९९२ मध्ये संसदेने त्यासंबंधी कायदा केला, आणि २००३ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती दोन वर्षे वयापर्यंतच्या शिशुआहारापर्यंत वाढवली. आपण वाचलेली सूचना या कायद्यामुळेच छापावी लागते.

तथापि, सरकार डबे कमी करू पाहते असे म्हणणे नेमके ठरणार नाही. कायद्याने उत्पादनाच्या टनांवर मर्यादा घातलेली नाही. बंदी आहे ती जाहिरातीवर, फुकट नमुन्यांवर, आयांना दिल्या जाणाऱ्या भेटवस्तूंवर, वेष्टनावरील गोंडस बाळाच्या चित्रावर, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना विक्रीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रलोभनांवर. ज्या बाळाला आईचे दूध मिळू शकत नाही, त्याच्यासाठी डबा आजही आवश्यक आहे आणि तो बाजारात उपलब्ध असला पाहिजे. त्यामुळे १९६५ मध्ये पुरवठा वाढल्याचा आकडा वाचून अधिकाऱ्यांना जे समाधान वाटले असते, ते आज त्याच वाढीकडे पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला वाटणार नाही. आणि दोघेही आपापल्या काळात बरोबर आहेत.

प्रश्न : मी न्हावा-शेवा बंदरातील मालाच्या कागदपत्रांचे काम करतो. लहान मुलांच्या खाद्यपदार्थांची आयात आमच्या डोळ्यांसमोर होते. मग राष्ट्रीय आकडे निदान आयातीपुरते तरी अचूक असायला हवेत ना?
— एक वाचक, उरण

उत्तर : कागदपत्रांच्या अर्थाने ते अचूक असतात, प्रश्न कोणता माल कोणत्या शीर्षकाखाली नोंदला गेला हा आहे. सीमाशुल्काच्या १९०१ या शीर्षकातील १९०११० हे शिशुआहाराचे उपशीर्षक आपल्याला पाठ असेलच. ते लागू होण्यासाठी माल किरकोळ विक्रीच्या वेष्टनात असावा लागतो. तीच भुकटी मोठ्या पोत्यांत आली, किंवा शिशुआहाराच्या कारखान्यासाठी दुधाची भुकटी, दुधाच्या निवळीतले (व्हे) प्रथिन आणि दुग्धशर्करा वेगवेगळ्या आल्या, तर त्यांची नोंद अन्य शीर्षकांखाली होते आणि येथे डब्यांत भरल्यावर तो माल देशी उत्पादन म्हणून मोजला जातो. शिवाय २०१७ पासून या उपशीर्षकाच्या वर्णनात अर्भकांबरोबर लहान मुलांसाठीचे पदार्थही स्पष्टपणे आले. त्या वर्षानंतर एखाद्या देशाची आयात वाढलेली दिसली, तर आधी शीर्षकाच्या वर्णनातील हा बदल आठवावा आणि मगच बाळांच्या संख्येकडे वळावे.

बंदराबाहेरून होणारी वाहतूक हा आणखी वेगळा विषय. २००८ मध्ये चीनमध्ये मेलामाइन मिसळलेल्या दुधाच्या भुकटीने सुमारे तीन लाख मुले आजारी पडली आणि सहा बाळे दगावली. त्यानंतर तेथील पालकांचा देशी डब्यांवरचा विश्वास उडाला, आणि हाँगकाँगमधून पिशव्या भरभरून डबे सीमेपलीकडे जाऊ लागले. अखेर मार्च २०१३ मध्ये हाँगकाँगने प्रवाशामागे १.८ किलो, म्हणजे साधारण दोन डबे, अशी मर्यादा घातली. या पिशव्यांतला माल हाँगकाँगची निर्यात म्हणून नोंदला जात नव्हता. पुरवठ्याच्या गणितात तो हाँगकाँगच्या मोजक्या बाळांनीच खाल्ला असे ठरते.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. आम्ही सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना घरपोच आहार देतो, आणि त्याहून लहान बाळे आईच्या दुधावर असतात. देशाच्या तक्त्यात या दोन्हींची नोंद कोठे होते? दुसरे असे, की महाराष्ट्रात सहा महिन्यांखालील ७१ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर असल्याचे प्रशिक्षणात सांगितले गेले. आमच्या वस्तीतील नोंदवहीत हे प्रमाण इतके दिसत नाही. आमची नोंद चुकते आहे का?
— एक वाचिका, कळवा

उत्तर : आपण देता त्या घरपोच आहाराची नोंद शिशुआहाराच्या ओळीत शोधू नये. ताळेबंदात बहुतेक पदार्थ मूळ शेतमालाच्या रूपात मोजतात, त्यामुळे त्यातील गहू, डाळ, साखर आणि तेल त्या त्या ओळींमध्ये जमा झालेले असते. घरी केलेले नाचणीचे सत्त्व भरड धान्यात जाते, मऊ भात तांदळात जातो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू आहे आणि २०२३ मध्ये निकष बदलेपर्यंत तिच्यात या वयाच्या मुलाला दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, वर्षातून ३०० दिवस मिळायची असत. खर्चाच्या आणि लाभार्थींच्या तक्त्यांत हे काम दिसते, अन्नपुरवठ्याच्या तक्त्यात वेगळे दिसत नाही.

आईचे दूध तर कोणत्याच ओळीत नाही, कारण ते पिकत नाही, विकले जात नाही आणि बंदरातून येत नाही. केवळ आईच्या दुधावर असलेले बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पिते. सहा महिन्यांचे हे सुमारे १३५ लिटर होतात. एखाद्या बाळाचे अंगावरचे दूध सुटून डबा सुरू झाला, की राष्ट्रीय पुरवठ्यात वाढ नोंदली जाते, आणि आधीचे १३५ लिटर गेल्याची वजाबाकी मात्र कोठेच होत नाही. हा दोष आम्हाला या सर्व आकडेवारीतला सर्वांत गंभीर वाटतो. नॉर्वेने आपल्या राष्ट्रीय अन्नपुरवठ्याच्या हिशेबात मातेच्या दुधाचा अंदाज धरून तो काही अंशी दूर केला आहे. स्तनपान करणाऱ्या मातांचे प्रमाण आणि बाळांचे वय सर्वेक्षणातून मिळत असल्यास हे गणित अवघड नाही, आणि आपल्याकडे तशी सर्वेक्षणे आहेत.

त्यांतले प्रमुख म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. ते देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते, म्हणजे आपल्या खाडीपलीकडेच. सहा महिन्यांखालील केवळ स्तनपानावरील बाळांचे देशातील प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.४ टक्के, २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्के होते. महाराष्ट्राचा ७१ टक्के हा आकडा या शेवटच्या फेरीतला आहे, आणि राज्यातील माहिती २०१९ मध्ये, म्हणजे करोनाच्या साथीपूर्वी, गोळा झालेली आहे. याच फेरीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशात केवळ ११.३ टक्के आढळली. पहिल्या सहा महिन्यांत बरी स्थिती आणि उष्टावणानंतर घसरगुंडी, हे चित्र डब्यांच्या टनांवरून कधीच कळले नसते.

आपली नोंद चुकते आहे असे मात्र यावरून म्हणता येत नाही. सर्वेक्षणात आईला आदल्या दिवसाविषयी विचारतात : काल दिवसा आणि रात्री बाळाला आईच्या दुधाखेरीज काय दिले? त्यात एक महिन्याचे बाळही येते आणि साडेपाच महिन्यांचेही, आणि एक महिन्याच्या बाळाला केवळ आईचे दूध मिळण्याची शक्यता जास्त असते. काल पाणी दिले नाही पण गेल्या आठवड्यात गुटीबरोबर दिले होते, असे बाळही ‘केवळ स्तनपान’ या गटात मोजले जाते. आपण बाळाला सहा महिने पूर्ण झाल्यावर मागचे सगळे महिने विचारून नोंद करत असाल, तर आपली टक्केवारी सर्वेक्षणापेक्षा कमी येणे अपेक्षितच आहे. पर्यवेक्षिकांकडे नोंदवही देताना टक्केवारीशेजारी प्रश्न कसा विचारला हे एका ओळीत लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षीही तो तसाच विचारला जाईल आणि दोन वर्षांची तुलना करता येईल.